लॉट उतरेपर्यंत

बंगलोर,
१८ नोव्हेंबर १९९६

बाबा, तुम्हाला आणि उषाआत्याला वाकून नमस्कार.

पोचले एकदाची. आत्याच्या चकल्यांचा भोपाळला गाडी बदलतानाच भुगा झाला, आणि सेव हॉस्टेलच्या पोरींनी पहिल्याच संध्याकाळी फस्त केली. इंदूरची म्हटल्यावर माझ्या हाती काय लागणार?

आता वाईट बातमी. माझा लॉट वाया गेला. तुमचाच शब्द वापरते, म्हणजे तुम्हाला दुःख कळेल. मी काय करते ते दिवाळीत तुम्ही विचारलंत आणि मी फराळाच्या नादात धड सांगितलं नाही. सिलिकॉनची एक चकती असते, पुरीएवढी. तिच्यावर पॉलिमरचं पाणी टाकून चकती गरगर फिरवायची, की त्याचा इतका पातळ थर बसतो की डोळ्याला दिसायचा नाही. मग ती ओव्हनमध्ये ठेवून थर पक्का करायचा. त्यावर दुसरा थर, तो पक्का करायचा, मग तिसरा. मध्ये खंड पडला की थर हवेतला ओलावा पितात आणि पुढच्या आचेला त्यांना फोड येतात. मी दिवाळीला घरी आले, लक्ष ठेवायला ज्युनियरला सांगितलं, त्याने ठेवलं नाही. सगळ्या चकत्यांना फोड. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर म्हणतात, आता मायक्रोवेव्ह मागवू. ओव्हनची आच बाहेरून आत जाते. वरची साय आधी धरते आणि आतलं ओलं आत कोंडतं, म्हणून एकेका थराला दिवसभर हळूहळू तापवावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये थर आतूनच तापतो, सगळीकडे एकदम, आणि काही मिनिटांत काम खलास. दोन्हींची तुलना कर, त्यावरच थीसिस लिही, असं सरांचं म्हणणं. तुमची सगळी नोकरी भट्टीपुढे गेली. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
संहिता

स्नेहलतागंज, इंदूर,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. संहिता, खूप आशीर्वाद.

पत्र मिळालं. रविवारी मिलच्या गेटवर गेलो होतो म्हणून उत्तराला उशीर. पाच वर्षं झाली कुलूप लागून, पण आम्ही फिनिशिंग खात्याची माणसं अजून दर रविवारी जमतो. कुलूप जागेवर आहे ना ते बघतो आणि घरी येतो. उषा हसते. हसू दे.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी काढत नाही. आमच्याकडे कापडाला चुणी पडू नये म्हणून रेझिनमध्ये बुडवायचे आणि भट्टीतून काढायचे. आमची भट्टी तीन घरांची. पहिल्या घरात नुसती ऊब, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात पूर्ण आच. कापड सावकाश पिकायचं. अठ्ठ्याऐंशी साली सेठचा मुलगा परदेशातून शिकून आला आणि त्याने झटपट भाजणारी मशीन आणली. या बाजूने कापड गेलं की त्या बाजूने श्वास घेईपर्यंत बाहेर! तीन पाळ्यांची माणसं एका पाळीवर आली. तुझे दौलतकाका पहिल्याच यादीत गेले. आणि कापड? दिसायला फर्स्ट क्लास, पण घडीवर फाटायचं. दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. पुढच्या तीन वर्षांत कुलूप. लोक म्हणतात सरकारची पॉलिसी, बाहेरचा माल, अमकं तमकं. मी म्हणतो ती मशीन. तुझ्या त्या पेटीचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. तुला करायचं ते कर, तू शिकलेली आहेस. पण मला सांगू नकोस.

दुसरी गोष्ट. तू चालू लॉट सोडून दिवाळीला आलीस हे मला माहीत असतं, तर स्टेशनावरूनच परत पाठवली असती. आमच्या खात्यात एक रिवाज होता. भट्टीवरचा माणूस लॉट उतरल्याशिवाय जागा सोडत नाही. घरून काही निरोप आला, बरा किंवा वाईट, तर तो गेटवाला जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, सांगणार आणि जॉबर पोटात ठेवणार. लॉट उतरला की जॉबर स्वतः चहाचा ग्लास घेऊन यायचा. जॉबर कधी कुणाला चहा आणून देतो का? तो ग्लास दिसला की माणूस समजून जायचा. माझी आई गेली ते मला असंच कळलं. सकाळचा निरोप मला दुपारी मिळाला. मी कुणावर रागावलो नाही. आचेपुढे माणूस घाबरला तर हात जातो, आणि बाजूच्याचाही जातो. तेव्हा रिवाज बरोबर होता.

आता माझ्यासाठी पुन्हा लॉट बिघडवायचा नाही. इथे मी मजेत आहे.

तुझे,
बाबा

बंगलोर,
१४ डिसेंबर १९९६

बाबा, नमस्कार.

हुकूम सर आँखों पर! पेटीचं नाव नाही. ओव्हन तो ओव्हन.

नवा सेट संक्रांतीनंतर चालू करते. थर बरेच आहेत, एकावर एक, आणि मधल्या सगळ्या तपासण्या, मतलब रंगपंचमीच्या आसपास उतरेल. तोवर मी जागची हलत नाही, खूश?

दौलतकाका पहिल्या यादीत गेले हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, बुऱ्हाणपूरला मुलाकडे राहायला हौसेने गेले. आता आठवतं, जाताना त्यांनी मला तुमच्या दोघांच्या पाळीची गंमत सांगितली होती आणि सांगता सांगता उगाच चष्मा पुसत बसले होते.

खालच्या चारुलताकाकूंच्या पीपी नंबरवर रविवारी फोन करू का? पत्राला फार दिवस लागतात. आणि गेटवर जाताना मफलर घाला. आत्याने लिहिलंय की तुम्हाला खोकला आहे आणि तुम्ही ऐकत नाही.

संहिता

स्नेहलतागंज, इंदूर,
२२ जानेवारी १९९७

दौलत भिया, राम राम.

बुऱ्हाणपूरची थंडी काय म्हणते? नातू गाडीवर बसवून फिरवतो की नाही तुला?

यार, तुलाच लिहितो आहे. बाकी कुणाला लिहायची सोय नाही. खोकला खोकला म्हणत होतो, तो खोकला नव्हे. मोठ्या इस्पितळात फोटो काढला. उजव्या फुफ्फुसात गाठ आहे आणि ती बरीच वाढलेली आहे. डॉक्टर पोरगेलासा होता. बोलताना माझ्याकडे न बघता उषाकडे बघत होता, तेव्हाच मी समजलो. मीच विचारलं, साहेब, पाळी किती उरली? तो म्हणाला, उन्हाळा बघाल असं सांगता येत नाही.

भीती वाटत नाही असं म्हटलं तर तू हसशील. वाटते. रात्री श्वास अडकला की फार वाटते. पण त्याहून जास्त एकच गोष्ट वाटते, की संहिताला एकदा डोळे भरून बघावं. रमा गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. आईविना उषाने आणि मी मिळून वाढवली. दुसरं आहे कोण मला?

पण तिचा लॉट चढलाय. मागचा माझ्यापायी बिघडला, दिवाळीला घरी आली म्हणून. आता पुन्हा तार केली तर पोर सगळं टाकून धावत येईल आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून उषाकडून देवापुढे वचन घेतलं आहे. लॉट उतरेपर्यंत तिला कळवायचं नाही. मी असलो तरी नाही, नसलो तरी नाही. फोनलाही मनाई केली. फोनवर माझा श्वास ऐकला तर तिला काय कळायचं राहील? तिला लिहिलं की तिकडे तुझं मीटर पळतंय या विचाराने मला बोलणं सुचत नाही. खरंही आहे ते.

तूही गप्प राहा. आणि जमलं तर ये. पत्ते घेऊन ये.

तुझा,
गजानन

बंगलोर,
३ फेब्रुवारी १९९७

बाबा, नमस्कार.

तुमचं मागचं पत्र चार ओळींचं! आणि अक्षर असं का वाकडंतिकडं? गाडीत बसून लिहिलंत की काय? माझ्या शाळेच्या वहीत एक काना तिरका गेला तर पान फाडायला लावणारे तुम्ही.

इथे सगळं ठीक चाललं आहे. सातवा थर झाला. ओव्हन वागतोय शहाण्यासारखा.

बाबा, एक विचारू? शिवरात्रीला मी दोन दिवस येऊन जाऊ का? काही कारण नाही. उगाच. परवा मेसमध्ये पोहे केले होते, त्यात सांबाराचा मसाला घातला होता, आणि मला एकदम रडूच आलं. पोह्यांसाठी रडणारी मुलगी म्हणून हॉस्टेलमध्ये माझं नाव झालंय. मला घरी यायचंय. कामाची काळजी करू नका, मी इथे सगळं नीट लावून येईन.

लवकर कळवा, तिकीट काढायला हवं.

संहिता

स्नेहलतागंज, इंदूर,
१२ फेब्रुवारी १९९७

चि. संहिता, आशीर्वाद.

अक्षर उषाचं आहे. माझा अंगठा दाराच्या फटीत सापडला. म्हातारपणी दार लावायचंही विसरलो.

शिवरात्रीला यायचं नाही. खबरदार! सातवा थर झाला म्हणतेस आणि लॉट सोडून येतेस? नीट लावून येईन म्हणजे काय? दिवाळीलाही नीटच लावून आली होतीस ना? पोह्यांसाठी रडू आलं तर रडून घे, पण जागेवर बसून रड. तुझी चार वर्षं त्यात आहेत. माझ्या मुलीचा माल घडीवर फाटलेला मला चालायचा नाही.

रंगपंचमीला लॉट उतरव आणि ये. मग हवी तितकी राहा. मी कुठे जातोय? इथेच आहे.

बाबा

(संहिता, मी उषाआत्या. तुझे बाबा बोलत गेले तसं लिहीत गेले. तब्येतीला जप, बाळा. गरम कपडे घालत जा.)

बंगलोर,
२० फेब्रुवारी १९९७

बाबा, नमस्कार.

बरं बाबा, नाही येत. तुमच्यापुढे माझं काय चालणार?

पण आत्याला सांगा, बंगलोरला फेब्रुवारीत गरम कपडे घातले तर लोक मला वेड्यांच्या इस्पितळात नेतील. आणि अंगठ्याला हळद लावा.

रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायला राजवाड्यावर मला तुम्हीच नेणार आहात. लहानपणी खांद्यावर घ्यायचात, आता मी तुमचा हात धरीन. गर्दीत हरवू नका म्हणजे झालं.

संहिता

बुऱ्हाणपूर,
१५ मार्च १९९७

उषाताई, नमस्कार.

काल पोचलो. घरात शिरलो आणि नातवाने विचारलं, आजोबा, तुम्ही पत्ते खेळायला गेला होतात ना, कोण जिंकलं? मी पत्ते त्याच्या हातात दिले आणि आत गेलो.

गजाभियाला अग्नी देण्याची वेळ माझ्यावर येईल, असं मी कधी मनात आणलं नव्हतं. ते काम लेकीचं होतं, ताई. रागावू नका, पण बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. तुम्ही संहिताला अजून कळवलं नाहीत. तेरावा होईल तरी कळवणार नाही, रंगपंचमीनंतर कळवणार, असं म्हणालात. देवापुढे वचन दिलंय म्हणालात. मी तेव्हा तुमच्यापुढे गप्प बसलो, घरात चार माणसं होती.

पण मी त्याच भट्टीवर वीस वर्षं काढली. रिवाज मलाही माहीत आहे. पाळी आठ तासांची असायची, ताई, महिन्या-महिन्यांची नाही. निरोप दुपारपर्यंत पोटात ठेवायचा असायचा. आणि जॉबर निरोप दाबायचा तो माणूस भाजू नये म्हणून, कापड वाचावं म्हणून नाही. गजाभियाने नेमकं हेच उलटं धरलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही.

आणखी एक, जे तुम्ही स्वयंपाकघरात होतात म्हणून ऐकलं नाही. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पत्ते वाटत होतो, तर मला थांबवून म्हणाला, "दौलत्या, त्या पोरीची ती झटपटवाली पेटी आली असती तर किती बरं झालं असतं रे. मीच नको म्हणालो. आत्तापर्यंत लॉट उतरला असता आणि ती इथे बसली असती." मी म्हटलं, अरे, तू तर त्या मशीनला शिव्या घालतोस. तर हसला, आणि खोकला आला, आणि वाट पत्ते म्हणाला.

हे तिला कळायला हवं असं मला वाटतं. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो.

आपला,
दौलतराव

बंगलोर,
१९ मार्च १९९७

बाबा! बाबा! बाबा!

आधी बसा. बसलात? आता आत्याला चष्मा लावून शेजारी बसवा. तुम्ही मध्येच पत्र फेकून द्याल म्हणून.

काम झालं! सगळं झालं! काल सरांनी सगळ्यांपुढे माझे आकडे दाखवले आणि म्हणाले, थीसिस लिहायला घे. हॉस्टेलवर येऊन मी गाणं म्हणत कपडे धुतले.

आता रागवायचं नाही, शपथ आहे. जानेवारीत मायक्रोवेव्ह आली. सरांनी हट्टच धरला होता. पण खरं सांगते, पहिल्याच दिवशी मलाही ती आवडली. आधी भीती होती की चकतीवर धातूच्या रेघा असतात, त्यांच्यातून ठिणग्या उडतील. पण या पेटीत लहर एका जागी थांबत नाही, सारखी बदलत राहते, त्यामुळे ठिणगी पडत नाही. एक थर, काही मिनिटं. चहा पिऊन येईपर्यंत पक्का! आणि तुम्हाला वाटतं तसा घडीवर फाटणारा नाही. मी खेचून पाहिला, उकळून पाहिला, दाबून पाहिला. ओव्हनच्या जुन्या थरांइतकाच पक्का आहे.

तुम्हाला ती मशीन आठवून त्रास होईल म्हणून मी ओव्हनच ओव्हन लिहीत राहिले. सातवा थर, ओव्हन शहाण्यासारखा वागतोय, ते सगळं मनाने रचलेलं. संक्रांतीपासून मी एकदाही ओव्हन पेटवलेला नाही. तुम्ही शिवरात्रीला खबरदार म्हणालात ना, तेव्हा इतकं तोंडावर आलं होतं की बाबा, इथे काही चढलेलंच नाही, मी आज रात्रीची गाडी धरू शकते! मग म्हटलं नको, उगाच तुमचं मन दुखेल. समोरासमोर सांगू, थर हातात देऊ, मग बाबा आपणच म्हणतील, वा. खरं ना? म्हणाल ना?

रंगपंचमी मात्र हुकली. सरांना इथला रिपोर्ट द्यायचा आहे. तीन एप्रिलला निघते. तुमच्यासाठी एक चकती आणतेय. इंद्रधनुष्यासारखी चमकते, पण बोट लावायचं नाही हं, कडेला धरायचं.

तुमची खोटारडी,
संहिता

स्नेहलतागंज, इंदूर,
२५ मार्च १९९७

प्रिय संहिता,

हे पत्र एकटी असताना वाचू नकोस. खोलीत कुणीतरी मैत्रीण असू दे. शेजारच्या खोलीतून बोलावून आण, मग पुढे वाच.

तुझे बाबा नऊ मार्चला गेले. सकाळी. झोपेतच म्हणावं तसे. फुफ्फुसात गाठ होती. आम्हाला जानेवारीत कळलं. अंगठा दारात सापडला नव्हता, त्यांच्या हातात पेन धरायची ताकद राहिली नव्हती.

तुला कळवलं नाही ते मी. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, तुझा लॉट उतरेपर्यंत गप्प राहायचं. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि घरात हे केलं. दौलतराव भांडले माझ्याशी. मी रंगपंचमीची वाट बघत होते. रोज देवाला दिवा लावताना म्हणायची, लवकर उतरू दे रे त्या पोरीचा लॉट, माझ्याच्याने हे ओझं उचलवत नाही. आणि काल तुझं पत्र आलं.

मी ते दोनदा वाचलं. मग भिंतीला टेकून बसले. लॉट नव्हताच ग, बाळा. काही नव्हतंच चढलेलं.

तू येते म्हणालीस आणि मी "खबरदार" लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं. तो शब्द सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून खाली गल्लीकडे बघत होते, रिक्षा थांबायची त्या बाजूला. मी तेव्हाच पेन खाली ठेवायला हवं होतं. मला क्षमा करशील की नाही, ते तू ठरव. मी मागत नाही.

आणखी काय काय बोलले ते विचारू नकोस. आत्ता नको. माझी जीभ रेटत नाही.

ये. ती चकती घेऊन ये.

तुझी,
उषाआत्या

बंगलोर,
२ मे १९९७

आत्या,

तू गाडीत बसवताना दिलेला डबा मी उघडलाच नाही. शेजारच्या बाईंना दिला. तुझा राग आला म्हणून नव्हे. भूकच नव्हती.

इंदूरला मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते मला ठाऊक आहे. दहा दिवस तू पोळ्या करत राहिलीस आणि मी गॅलरीत बसून राहिले. बोलले असते तर तुला काहीतरी भयंकर बोलून गेले असते, आणि त्यातलं निम्मं मलाच लागू पडलं असतं. तू त्यांचं ऐकलंस म्हणून गप्प राहिलीस. मी कुणाचं ऐकून गप्प राहिले? कुणी सांगितलं होतं मला? एक ओळ लिहायची होती, बाबा, मी नव्या मशीनवर काम करते. ते रागावले असते, आठ दिवस पत्र पाठवलं नसतं. बस, इतकंच झालं असतं. आणि शिवरात्रीला मी त्यांच्या उशाशी असते. हे माझ्या डोक्यातून जात नाही, आत्या. ताटावर बसलं की येतं, बसची वाट बघताना येतं.

परत आल्यावर सरांना म्हटलं, तुलना पुरी करायला ओव्हनचा एक ताजा लॉट हवा, एकाच थराचा का असेना. ते म्हणाले, जुने आकडे आहेत की, कशाला? मी म्हटलं, हवा. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणाले.

परवा पहाटे ओव्हन पेटवला. आधी नुसती ऊब, मग जास्त, मग पूर्ण आच. बाबांची तीन घरं. त्याच्यापुढे कुणाला बसावं लागत नाही, तो आपापला चढतो, आपापला उतरतो. तरी मी स्टूल ओढून बसून राहिले. जेवायला उठले नाही. बदलीला कुणी येणार नव्हतं. काचेतून काही दिसत नाही, आत्या. चकती असते तशीच असते. त्यांनी इतकी वर्षं काय बघितलं असेल त्या भट्टीकडे, ते मला बसून बसून थोडं कळल्यासारखं वाटलं. मग वाटलं, काही कळलं नाही, मी आपली रडते आहे.

आज थर तपासले. झटपटचा आणि सावकाशचा, दोन्ही शेजारी ठेवून. फरक नाही. खेचून बघितले, दाबून बघितले, काही फरक नाही. एवढंच होतं ते. यासाठी ते तिकडे गप्प राहिले आणि मी इकडे.

एक गोष्ट विचारते. अस्थी घेऊन आपण नर्मदेवर गेलो, तेव्हा घाटावर दौलतकाका मला म्हणाले, पोरी, तुझ्या त्या मशीनबद्दल गजाभिया शेवटी काय म्हणाला माहीत आहे का? आणि तू त्यांचा हात धरून त्यांना गप्प केलंस. मी बघितलं. तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, जाताना मला शिव्या दिल्या असतील.

काहीही असू दे. आता पोटात ठेवू नकोस. लॉट उतरलाय, आत्या. संध्याकाळी कॅन्टीनमधून चहाचा ग्लास मी स्वतःच आणलाय, तो समोर ठेवून लिहिते आहे. सांग.

तुझी,
संहिता